हरीण कुणाचं, रान कुणाचं?

ऑगस्टातली संध्याकाळ. आमच्या घरासमोरच्या खडीच्या वाटेवर एक पिकअप ट्रक येऊन थांबला. दारापाशी नाही, चांगला लांब, खिडकीतून अख्खा दिसेल असा. पन्नाशीचा एक माणूस उतरला, सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी. त्यानं टोपी काढून हातात घेतली, आमचं आडनाव उच्चारायचा प्रामाणिक प्रयत्न केला, ते मधेच कुठेतरी मोडलं, आणि मग विचारलं, "ऑक्टोबरपासून तुमच्या मागच्या रानात हरणाच्या शिकारीला आलो तर चालेल का? बंदूक नाही, धनुष्यबाण. मी आणि ही, दोघंच."

पेनसिल्व्हेनियात घरासोबत दहा एकर जागा घेऊन आम्हाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. घर आणि अंगण सोडलं तर बाकी सगळी ओक आणि मेपलची झाडी. "विचार करून सांगतो" म्हणून मी वेळ मारून नेली. त्यानं फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली, मुलीनं थँक यू म्हटलं आणि दोघं गेले.

बाबा तेव्हा आमच्याकडे आलेले होते. वर्ध्याकडच्या शेतीत आयुष्य गेलेला माणूस. ट्रक रस्त्याला लागेपर्यंत ते गप्प बसले आणि मग म्हणाले,

"हरणं तुझी आहेत का?"

"नाही, बाबा."

"मग तो तुला कशाला विचारतो?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. नंतर शोधलं, वाचलं, शेजाऱ्यांना विचारलं. आमच्या ओळखीतल्या आणखी तिघांच्या दारावर असेच ट्रक थांबून गेले होते आणि तिघांनीही बावचळून काहीतरी उत्तर दिलं होतं. म्हणून हे लिहून काढतोय.

बाबांचा प्रश्न अगदी नेमका होता. अमेरिकेत रानातलं हरीण जमीनमालकाचं नसतं. ते राज्यातल्या सगळ्या लोकांचं, आणि राज्य सरकार त्यांच्या वतीनं विश्वस्त, असा इथला कायदा आहे. १८४२ साली न्यू जर्सीतल्या खाडीतल्या कालवांवरून, म्हणजे खायच्या शिंपल्यांवरून, एक भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. या विचाराचं मूळ त्या निकालात सांगतात. म्हणून हरीण मारायचा परवाना सरकार देतं. पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशाला तो साधारण एकवीस डॉलरला मिळतो. कुठल्या महिन्यात, कुठल्या हत्यारानं, किती हरणं, हे सगळं सरकार ठरवतं. माझ्या अंगणात उभं राहून माझी रोपं खाणारं हरीण मला मनाला येईल तेव्हा मारता येत नाही.

पण त्या परवान्यावर कुठेही असं लिहिलेलं नाही की कुणाच्याही रानात शिरा. पाय ठेवायची परवानगी जमिनीचा मालक देणार. थोडक्यात हरणाची परवानगी सरकारकडे, जमिनीची माझ्याकडे. दोन्ही असतील तरच शिकार. तो माणूस मला हरीण मागतच नव्हता. उभं राहायला जागा मागत होता.

हे सांगितल्यावर बाबा हसले. "आपल्याकडे उलटं आहे," म्हणाले. खरंच आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते, १९९१च्या दुरुस्तीनंतर ते बंद झाले. आता रानडुकरांनी सोयाबीन उलथंपालथं केलं तर उभ्या पिकाला धोका आहे म्हणून शेतकऱ्यालाच वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. आमच्याकडे जमीनवाला परवानगी मागत फिरतो, इथे शिकारी जमीनवाल्याच्या दारात टोपी काढून उभा राहतो. रात्र-रात्र जागलीला जाऊन डबे वाजवलेल्या माणसाला याचं हसू येणारच.

हे असं का झालं, याचा माग थेट इंग्लंडपर्यंत जातो. तिथे १६७१च्या कायद्यानं ठराविक उत्पन्नाची जमीन असलेल्या मोजक्या लोकांनाच शिकारीचा हक्क होता. १७२३च्या कायद्यात तर हरीणचोरीला फाशीपर्यंतची शिक्षा. तिथून जे लोक अमेरिकेत आले त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती: इथे शिकार जमीनदाराची मिरास असणार नाही. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६च्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं की रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर सगळ्या जमिनींवर शिकारीची मोकळीक राहील. व्हर्माँटनं ते १७७७मध्ये जवळजवळ जसंच्या तसं उचललं. पेनसिल्व्हेनियाच्या पुढच्या घटनेतून ते कलम गेलं. व्हर्माँटच्या घटनेत आजही आहे.

म्हणजे मुळात दार ठोठावायची पद्धतच नव्हती. कुंपण नाही ना, मग जा. पुढे वस्ती दाट झाली, जमिनींचे तुकडे पडले, आणि हरणंही संपत आली. १९००च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात हरीण इतकं दुर्मीळ झालं होतं की १९०६मध्ये मिशिगनहून हरणं आणून सोडावी लागली. आता तिथेच दरवर्षी चार लाखांच्या आसपास हरणांची शिकार होते आणि तरी आमच्या बायकोच्या बागेत होस्टाचं एकही रोप टिकत नाही.

आजचा कायदा राज्यागणिक वेगळा आहे, आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. साधारण निम्म्या राज्यांत गृहीतक असं की मालकानं मनाईची पाटी लावलेली नसेल तर त्याची हरकत नाही. व्हर्माँट, मेन या बाजूला ही रीत अजून जिवंत आहे. उरलेल्या राज्यांत उलट: आधी होकार, मग पाऊल. टेक्ससमध्ये मालकाच्या संमतीशिवाय शिकार हा गुन्हा. आमच्या शेजारच्या ओहायोत तर लेखी परवानगी खिशात असावी लागते. पेनसिल्व्हेनियात रविवारच्या शिकारीवर दीडशे वर्षांच्या आसपास बंदी होती. २०१९च्या कायद्यानं काही रविवार उघडले, तेव्हा खासगी जमिनीसाठी लेखी परवानगीची अट घातली. कायदा काहीही म्हणो, आमच्याकडचे जुने शिकारी एकच सांगतात: पाटी असो नसो, विचारून जा.

पाटीवरून आठवलं. आमच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या झाडांवर जांभळे पट्टे आहेत. मला पहिलं वर्षभर वाटत होतं की ती झाडं तोडायला काढली आहेत. नंतर कळलं, तो जांभळा रंग म्हणजेच "आत येऊ नका". कागदी पाट्या पावसात कुजतात, वाऱ्यानं उडतात, लोक फाडूनही टाकतात. म्हणून १९८९मध्ये आर्कन्सानं रंगाला पाटीचा दर्जा दिला, मग एकेक राज्य करत गेलं, पेनसिल्व्हेनियात हे २०२०पासून आलं. पट्टा उभा हवा, कमीत कमी आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांच्या उंचीवर, आणि दोन पट्ट्यांत शंभर फुटांपेक्षा जास्त अंतर नको. जांभळाच का? लाकूडतोडीच्या खुणांना तो सहसा वापरत नाहीत, आणि रंगांधळ्या माणसालाही बऱ्यापैकी ओळखू येतो. माझ्या झाडांवर पट्टेही नव्हते आणि पाटीही नव्हती. तरी तो माणूस विचारायला आला, ही त्याची पहिली जमेची बाजू.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पेनसिल्व्हेनियात वसलेल्या घराभोवती एक सुरक्षित पट्टा असतो: बंदुकीसाठी १५० यार्ड, धनुष्यबाणासाठी ५० यार्ड. त्या घरात राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय या अंतरात शिकार करता येत नाही. आता दहा एकर म्हणजे ४८,४०० चौरस यार्ड. जागा चौकोनी धरली तर एक बाजू २२० यार्ड. घर बरोबर मध्यावर असेल तर घरापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर भरतं साधारण १५५ यार्ड. म्हणजे १५० यार्डांचं वर्तुळ काढलं की दहा एकरांतले चार कोपऱ्यांचे शेंडे तेवढे बाहेर उरतात! माझ्या घराचा पट्टा मी होकार देऊन सोडू शकतो, पण शेजाऱ्याच्या घराचा पट्टा माझ्या जमिनीवर येत असेल तर त्याचा होकार वेगळा. तो माणूस "बंदूक नाही, धनुष्यबाण" असं का म्हणाला ते मला या कागदावर कळलं. त्यानं हा हिशेब येण्याआधीच केला होता.

त्याला माझं आडनाव तरी कुठून कळलं? फोनमधल्या ॲपवरून. शिकाऱ्यांसाठीच्या नकाशांच्या ॲपमध्ये प्रत्येक जमिनीची हद्द आणि मालकाचं नाव दिसतं. जमिनीच्या नोंदी इथे सार्वजनिक असतात. आपल्या सातबारासारखंच म्हणा ना, फक्त रानात उभं राहून, आपण नेमके हद्दीच्या कुठल्या बाजूला आहोत या निळ्या ठिपक्यासकट. बाबांनी ते ॲप अर्धा तास हातात धरून ठेवलं. बांधावरून आयुष्यभर झालेली भांडणं त्यांना आठवत असावीत.

त्यांचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "भाडं किती घेणार?"

टेक्ससमध्ये हा प्रश्न पहिला विचारला असता. तिथली जवळजवळ पंचाण्णव टक्के जमीन खासगी, त्यामुळे शिकारीसाठी एकराच्या भावानं हंगामभर जमीन भाड्यानं देणं हा रीतसर धंदा आहे. त्याला लीज म्हणतात, करार होतो, विमा घेतात. आमच्या भागात मात्र तोंडी परवानगी फुकट असते, आणि त्यामागे निव्वळ चांगुलपणा नाही, कायद्याचं गणितही आहे.

समजा शिकारीसाठी झाडावर चढून बसलेला तो माणूस पडला. जबाबदार कोण? अमेरिकेत कोर्टाची भीती कुणाला नाही! याच भीतीपोटी लोक जमिनी बंद करायला लागले, तेव्हा राज्यांनी एक तोड काढली. जमीनमालकानं लोकांना शिकार, मासेमारी, भटकंती यांसाठी पैसे न घेता येऊ दिलं, तर नेहमीच्या अपघातांची जबाबदारी त्याच्यावर नाही. पेनसिल्व्हेनियाचा हा कायदा १९६६चा. आज पन्नासही राज्यांत या ना त्या रूपात तो आहे. अट एकच मोठी: पैसे घ्यायचे नाहीत. प्रवेशाचे पैसे घेतले की ते कवच गळून पडतं आणि तुम्ही इतर कुठल्याही धंदेवाल्यासारखे उघडे.

दुसरी अट बारीक आहे पण आमच्या कामाची होती. धोक्याची जागा ठाऊक असून जाणूनबुजून लपवली तर कायदा मदतीला येत नाही. आमच्या झाडीत एक जुनी, दगडांनी बांधलेली विहीर आहे, पाणी नसलेली, वर कुजक्या फळ्या, त्यावर पानांचा थर. घर घेताना आधीच्या मालकानं हात करून दाखवली होती, मी विसरून गेलो होतो. बाबा विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्याभोवती चार खुंट ठोकून नायलॉनची दोरी बांधताना सापडले. "माणूस येणार असेल तर आधी विहीर," म्हणाले. वकिलाला विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं, पाचशे डॉलर घेऊन.

शिकारी कसा विचारतो, यावर इथे लोक तासन् तास बोलतात. ऐकून-ऐकून मला जे समजलं ते असं. हंगामाच्या आदल्या दिवशी येऊ नये, उन्हाळ्यात यावं. जेवायच्या वेळी येऊ नये. पाना-फांद्यांच्या छापाचे शिकारी कपडे घालून, हत्यार घेऊन तर मुळीच येऊ नये. अनोळखी माणूस तसा दारात दिसला तर कुणाच्याही पोटात गोळा येईल. चार जणांचं टोळकं आणू नये. आपण कोण, राहतो कुठे, कुठल्या तारखांना येणार, गाडी कुठे लावणार, कुठल्या बाजूनं आत शिरणार हे न विचारता सांगावं. गुरं कुठल्या कुरणात आहेत ते विचारावं. फाटक ज्या अवस्थेत सापडलं त्याच अवस्थेत सोडावं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. हा शेवटचा नियम ऐकून बाबांनी मान डोलावली. उघडं फाटक "चांगुलपणानं" लावून टाकणारा पाहुणा गुरांना पाण्यापासून तोडतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि नाही म्हटलं तर? आभार मानून निघून जायचं. कारण विचारायचं नाही. माझ्या मते खरी परीक्षा तीच, कारण नकार देताना जमीनमालकालाही अवघडल्यासारखं होतं. आमचा एक मराठी मित्र शुद्ध शाकाहारी, त्याच्या दारात प्राण्याला मारायची परवानगी देणं त्याला जमणारच नव्हतं. पण तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून "बघू, बघू" करत राहिला. समोरच्यानं त्या "बघू"चा अर्थ होकार असा घेतला आणि नोव्हेंबरात याच्या स्वयंपाकघरातून समोरच्या झाडावर माणूस दिसला. आपला "बघू" या देशात चालत नाही. नाही तर नाही म्हणावं, गोड शब्दांत, पण स्पष्ट. राग कुणी धरत नाही.

हो म्हणायचं असेल तर कागदावर म्हणावं. बऱ्याच राज्यांची वन्यजीव खाती त्यासाठी छापील कार्डच देतात. नावं, तारखा, हत्यार, जागा, दोन्ही सह्या, बस. ही परवानगी म्हणजे हक्क नव्हे, हे दोघांनाही कळलेलं बरं. ती व्यक्तीपुरती असते. त्यानं ती भावाला, मित्राला द्यायची नसते. मालक ती कधीही मागे घेऊ शकतो. जमीन विकली की नव्या मालकाला पुन्हा विचारायचं. वीस वर्षं एकाच रानात येणाऱ्या माणसाचीही ती एका दिवसात संपते, आणि तसं झाल्यावर लोक घर गेल्यासारखे हळहळतात.

एक गोष्ट आधी बोलून ठेवावी लागते. बाण लागलेलं हरीण जागेवर पडतंच असं नाही. शंभर यार्ड पळून शेजाऱ्याच्या हद्दीत पडू शकतं. बहुतेक राज्यांत ते आणायलाही त्या शेजाऱ्याची परवानगी लागते, रक्ताचा माग सरळ त्याच्या जांभळ्या पट्ट्यांखालून गेला असला तरी. म्हणून शहाणा शिकारी ज्याच्या रानात बसणार त्याला एकदा विचारतो आणि आजूबाजूच्यांना दुसऱ्यांदा.

गंमत म्हणजे शिकाऱ्याला इतकी बंधनं, पण शिकारीचे नियम राबवणारा सरकारी अधिकारी मात्र घरापासून दूरच्या मोकळ्या रानात वॉरंटशिवाय येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं १९२४मध्ये ते मान्य केलं आणि पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयानं २००७मध्ये.

दार ठोठावून काम भागतं ते आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे दार सापडतं. पश्चिमेकडे प्रकरण वेगळंच आहे. १८६२पासून रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना एक आड एक असे मैलभर लांब, मैलभर रुंद चौकोन सरकारनं देऊन टाकले. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला: काळं घर खासगी, पांढरं घर सार्वजनिक. पांढऱ्या घरात शिकार करायचा हक्क सगळ्यांना, पण तिथे पोचायला काळ्या घरावर पाय ठेवावा लागतो. मग उंटासारखं तिरकं, कोपऱ्यावरून पलीकडे गेलं तर? वायोमिंगच्या एल्क माउंटनवर २०२१मध्ये मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी तेच केलं. कोपऱ्यावर शिडी लावली आणि एका पांढऱ्या घरातून दुसऱ्या पांढऱ्या घरात उतरले. खासगी मातीला बूट लागला नाही. तरी मालकाचं म्हणणं, माझ्या हद्दीवरच्या हवेतून तुमचं अंग गेलं! फौजदारी खटला झाला, २०२२मध्ये ज्युरीनं चौघांना सोडलं. मग लाखो डॉलरच्या भरपाईचा दावा. २०२३मध्ये शिकारी जिंकले, मार्च २०२५मध्ये अपील न्यायालयानं तेच कायम केलं, तेही १८८५च्या एका जुन्या कायद्याच्या आधारानं, जो मुळात सार्वजनिक कुरणं अडवणाऱ्या कुंपणांविरुद्ध केलेला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण हातात घ्यायला नकार दिला.

मोंटानानं या पेचातून वेगळी वाट काढली आहे. १९८०च्या दशकापासून तिथे सरकारच जमीनमालकांशी बोलणी करतं, शिकाऱ्यांना येऊ देण्याबद्दल मोबदला देतं, आणि शिकारी काही ठिकाणी फाटकावरच्या पेटीत चिठ्ठी भरून आत जातात. लाखो एकर जमीन अशी उघडी झाली. सोय आहे, वाद नाही. पण तिथे पेटीला विचारायचं असतं, माणसाला नाही, आणि मला वाटतं मुलीला सोबत घेऊन येणाऱ्या आमच्या त्या माणसाला ते आवडलं नसतं.

मी त्याला आठवड्यानं फोन केला. तो पुन्हा आला, तेव्हाही ट्रक लांबच लावला. आम्ही चौघं रानात गेलो. बाबांनी आधी विहीर दाखवली. मुलीनं शिकारीचा कोर्स पुरा केल्याचं कार्ड आपणहून दाखवलं. तिच्या वडिलांनी एक ओक निवडला, झाडाला खिळा ठोकणार नाही, पट्ट्यानं बांधायचा स्टँड लावीन आणि हंगाम संपला की काढून नेईन म्हणाला. वीस फुटांवरच्या त्या लोखंडी बैठकीचा फोटो फोनवर बघून बाबा म्हणाले, "ही तर आपली मचाण." मी भाषांतर केलं. तो म्हणाला, तुमच्याकडे मचाणीवर कशानं मारतात? बाबा म्हणाले, "डब्यानं. मारत नाही, हाकलतो."

डिसेंबरात त्यानं मांस देऊ केलं. इथे रानातलं मांस विकता येत नाही, पण भेट देता येतं. आम्ही नको म्हटलं, तर पुढच्या शनिवारी येऊन वादळात पडलेलं एक मेपल कापून, फोडून, पडवीत रचून देऊन गेला. कागदावरची तारीख जानेवारीअखेर संपली. स्टँड त्याआधीच उतरलेला होता. ओकच्या सालीवर पट्ट्याची पुसट खूण आहे, ती बघितली तरच कळते. ऑगस्ट लागला की पुन्हा विचारायला येईन म्हणालाय. या वेळी बाबा इथे नसतील, पण विहिरीभोवतीची दोरी मी बदलून ठेवली आहे.